तुळशीच्या दंडावरची देवी

पुण्याला सकाळची परेड संपली तेव्हा अ‍ॅडजुटंट साहेबांनी हुकूम वाचला आणि सुभेदारांनी तो आम्हाला मराठीत सांगितला. पलटण एडनला जाणार. मुक्काम दोन वर्षं. आगबोट मुंबईच्या बंदरातून सुटणार. ज्यांची नावं फॅमिली रोलवर, म्हणजे कुटुंब नेण्याच्या यादीत, आहेत त्यांनी बायकामुलांना घेऊन तीन आठवड्यांनी शनिवारी सकाळी नऊ वाजता बंदरावर हजर व्हायचं. प्रत्येक कुटुंबाला एक पेटी आणि एक वळकटी. शेवटचं कलम सुभेदारांनी दोनदा सांगितलं. लहान मूल असेल तर त्याला देवी टोचलेल्या हव्यात. बंदरावर डॉक्टर साहेब दंड बघतील. ज्याच्या दंडावर खूण नाही, ते मूल चढणार नाही.

मी तेव्हा हवालदार होतो. रोलवर माझं नाव होतं. माझ्याच कंपनीतला नाईक धाकू, कोपरचा, त्याचंही होतं. आमचं गाव कोलशेत. दोन्ही गावं एकाच खाडीवर. भरतीच्या पाण्याबरोबर होडी सोडली की कोलशेतहून कोपर दोन-अडीच तासांत येतं. पलटणीत भरती व्हायला आम्ही दोघं एकाच दिवशी पुण्याला गेलेलो. त्यामुळे सुट्टीवर निघालोही बरोबर. कल्याणला धाकू गाडीतून उतरला.

"सोनी ऐकंल का?" त्यानं फलाटावरून विचारलं. सोनी म्हणजे त्याची बायको.

"तू सांग तर खरं."

"एडनचं सांगीन मी. टोचायचं तू सांग. मना नाय जमायचं."

तेवढ्यात गाडी सुटली.

कोलशेतला माझी बायको पारू मिठागरावर होती. तिथंच मी तिला सांगितलं. तिनं हातातलं फावडं खाली ठेवलं नाही. तिनं विचारलं, "तिथं पानी हाय?"

मी जे ऐकलं होतं ते सांगितलं. डोंगर काळे, झाड नाही, समुद्राकाठी मिठागरं, विहिरींचं पाणी खारट. समुद्राचं पाणी यंत्रात उकळून गोडं करतात आणि मापून देतात.

"मिठागर नि पानी नाय, म्हंजे आपल्या गावासारखंच," ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

आमची मुलगी तुळशी तेव्हा तीन वर्षांची होती. माझी आई आमच्याजवळ राहायची. एडनला तिचा विरोध नव्हता. तिचा भाऊ गलबतावर खलाशी होता, समुद्राची तिला भीती नव्हती. विरोध टोचण्याला होता. देवी माणसाच्या घरी आपण होऊन येते, तिला चाकूनं बोलवायचं नसतं, असं तिचं म्हणणं. दोन दिवस तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. पारू मात्र टोचायच्या बाजूनं बोलली. तिच्या पाठची बहीण देवीनं गेलेली होती.

गुरुवारी मी तुळशीला ठाण्याला नेलं. सरकारी देवीडॉक्टर पन्नाशीचे, अंगानं जाड, पुण्याकडचे गृहस्थ होते. त्यांच्याकडे काचेच्या नळीतली लस थोडीच उरली होती. मुंबईहून नवीन यायची होती. त्यांनी नस्तरानं तुळशीच्या डाव्या दंडावर चार ठिकाणी ओरखडे काढून लस भरली. तुळशी एकदाच ओरडली. घड्याळात तेव्हा सव्वानऊ झाले होते. मी धाकूच्या दोन मुलांचंही सांगितलं.

"आठव्या दिवशी फोड भरेल," डॉक्टर म्हणाले. "तोवर हात लावू देऊ नका. तुमच्या मित्राची मुलं सोमवारी आणा. तोवर नळ्या येतील."

पुढचे दिवस तयारीत गेले. टेंभी नाक्याजवळच्या सुताराकडून पेटी करून घेतली. पारूनं उकडा तांदूळ, सोडे, मसाला आणि पापड भरले. वरून पाटावरवंटा ठेवला. पेटी आम्हा दोघांना उचलेना. मी पाटा बाहेर काढला. सकाळी बघतो तर तो पुन्हा आत. तिसऱ्यांदा मी काढला नाही. तुळशीच्या दंडावर चौथ्या दिवशी लाल पुळ्या दिसल्या.

सोमवारी मी ठाण्याला गेलो. नळ्या आल्या नव्हत्या. मुंबईतच साथ सुरू झाली होती, लस तिकडेच लागत होती. शिवाय टेंभी नाक्यामागच्या एका आळीत देवीचे दोन रोगी निघाले होते. डॉक्टरांनी मला दारातच थांबवलं.

"कोपरची मुलं ठाण्यात आणू नका. आणि लसही माझ्याकडे नाही."

"मग साहेब, त्यांनी करायचं काय?"

ते दाराबाहेर आले. मग म्हणाले, "हवालदार, एकच उपाय आहे. तुमच्या मुलीचा फोड गुरुवारी भरेल. त्यातली लस काढून त्या मुलांना लावता येते. हाताहातानं टोचणं म्हणतात. मुलीला काही होत नाही. पण मुलगी तिथं न्यावी लागेल, आणि त्याच दिवशी. शुक्रवारी फोडातलं पाणी गढूळ होतं. मग ते वाया."

मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. आई उठून उभी राहिली.

"पोरीची देवी काढून दुसऱ्याला द्यायची? देवी रागावली म्हंजे?"

मी पारूकडे पाहिलं. मुलीची आई ती. मी हुकूम देणार नव्हतो.

पारू तुळशीचा दंड बघत बसली होती. ती म्हणाली, "सोनीची पोरं रोलवरून गेली तर सोनी येनार नाय. धाकू भावोजी एकटे जातील. आनि साथ ठान्यात आली म्हंजे कोपरला किती दिसांनी येईल?" मग सासूकडे वळून म्हणाली, "आय, माझी बहीन गेली तवा कुनीतरी असं पोर घेऊन आलं असतं तर मी तेच्या पाया पडले असते."

मी धाकूला निरोप धाडला. गुरुवारी भरतीच्या पाण्यानं येतो.

गुरुवारी पहाटेपासून भरती होती. डॉक्टरांनी सातला कोलशेतच्या धक्क्यावर यायचं कबूल केलं होतं. ते साडेनऊला आले. आदल्या रात्री ठाण्यात आणखी एक रोगी निघाला होता. होडी माझ्या चुलत्याची होती, वल्ह्यावर तो आणि मी. पारू तुळशीला मांडीवर घेऊन बसली. होडी सोडणार तेवढ्यात आई आली. कुणाला न विचारता आत बसली आणि तुळशीच्या डोक्यावर इरलं धरलं.

दोन तासांची वाट. भरती मात्र तासाभराचीच उरली होती. मला ते कळत होतं. तरी निघालो, कारण दुसरा दिवस नव्हता.

साडेदहाला पाणी उलटलं. ओहोटी लागली. आम्ही जोर लावला, पण पाणी आमच्यासमोरून बाहेर जात होतं. कोपरची झाडं दिसायला लागली आणि होडीचा तळ चिखलात रुतला. किनारा दोनशे पावलं. मध्ये नुसता चिखल, काही ठिकाणी कमरेएवढा, काही ठिकाणी त्याहून खोल.

डॉक्टरांनी घड्याळ काढलं. "बारा वाजून दहा मिनिटं. पुढची भरती?"

"दिवस मावळताना, साहेब."

"मला दिव्याच्या उजेडात हे काम करता येणार नाही." त्यांनी तुळशीचा दंड पाहिला. चारही फोड मोत्यासारखे भरले होते. "यांना धक्का लागून फुटले तरी सगळं संपलं."

किनाऱ्यावर धाकू उभा होता. मी हात तोंडाशी धरून हाक दिली.

"होडी रुतली!"

"दिसतंय! पोर आलीय?"

"आलीय! डाव्या दंडाला हात लावायचा नाय!"

"थांब!"

तो गावात पळाला आणि चार कोळ्यांना घेऊन आला. चिखलावर शिंपल्या वेचायला जाताना पोटाखाली घेतात तशा रुंद फळ्या त्यांच्याकडे होत्या. धाकू फळीवर गुडघा टेकून, दुसऱ्या पायानं चिखल मागे लोटत आला. होडीपाशी आल्यावर त्याच्या तोंडावर डोळ्यांशिवाय काही दिसत नव्हतं. तुळशी घाबरून रडायला लागली.

"ए तुळशे," तो म्हणाला, "धाकूकाका हाय मी. म्हशीसारखा लोळून आलोय. बसतेस काय म्हशीवर?"

तुळशी रडायची थांबली. पारूनं तिला त्याच्या खांद्यावर बसवलं. "डावा हात वर," ती तुळशीला म्हणाली. "काकाचे केस उजव्या हातानं धर."

फळीवर दोघांचं वजन पेललं नसतं. धाकूनं फळी पुढे लोटली, तिच्यावर हात टेकले आणि चिखलातून चालायला लागला. मी डॉक्टरांची पेटी डोक्यावर घेऊन मागे. अर्ध्या वाटेवर त्याचा पाय खड्ड्यात गेला. तो छातीपर्यंत खाली गेला. फळी हातातून सुटली. त्यानं तुळशीला दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि तसाच उभा राहिला. मी पुढे जायला लागलो तर तो ओरडला, "हवालदार, मागं! तुम्ही पन रुताल!"

पलटणीबाहेर तो मला कधी हवालदार म्हणत नसे. मी थांबलो. एक कोळी फळीवरून दोर घेऊन त्याच्यापाशी गेला. दोर काखेखालून बांधून होईपर्यंत धाकूनं हात खाली आणले नाहीत. चौघांनी ओढलं. तो बाहेर आला. तुळशीचा डावा हात तसाच वर होता.

पारू आणि आई मिठागरात जन्म काढलेल्या. त्या लुगडी खोचून आपापल्या पायांनी आल्या. डॉक्टरांना फळीवर बसवून चार माणसांनी ओढत आणलं. वाटेत ते "सावकाश, सावकाश" एवढंच म्हणत होते.

सोनी दारात उभी होती. पाच महिन्यांचा राघो तिच्या कडेवर, सहा वर्षांची चंदा पदराआड. नवऱ्याला, डॉक्टरांना, मला, कुणालाच ती आत घेईना. मग माझी आई पुढे झाली. चिखलानं माखलेली, दमलेली. तिनं तुळशीला सोनीसमोर धरलं.

"बघ. आठ दिस झाले. एकच दिस अंग तापलं. जेवते, खेळते, मना छळते. मी नाय म्हनत होते. आता मी सांगते, टोचून घे."

सोनीनं तुळशीचा दंड निरखून पाहिला. मग पारूला विचारलं, "तू येनार ना एडनला? शेवटाला मागं नाय ना फिरनार?"

"पाटा भरलाय पेटीत," पारू म्हणाली.

सोनी बाजूला झाली. एक वाजून चाळीस मिनिटांनी डॉक्टरांनी पहिला फोड उघडला. राघोला टोचलं, मग चंदाला. लस उरली होती. डॉक्टरांनी अंगणात जमलेल्या बायांकडे पाहिलं. एक पुढे आली, मग दुसरी. शेवटी अकरा मुलं झाली. तुळशी आजीच्या मांडीवर बसून गुळाचा खडा चोखत होती.

शनिवारी, आठवडा आणि दोन दिवसांनी, आम्ही बंदरावर नऊच्या आत हजर होतो. बंदरावरच्या डॉक्टर साहेबांनी राघोचा दंड पाहिला, चंदाचा पाहिला, तुळशीच्या दंडावरची खपली पाहिली. "पास," ते म्हणाले. कारकुनानं रोलवर तीन खुणा केल्या. पेटी चढवताना दोन हमालांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. आईनं धक्क्यावरून हात हलवला नाही. आगबोट दिसेनाशी होईपर्यंत ती तिथं उभी होती, असं चुलत्यानं नंतर सांगितलं.

एडन मी सांगितलं होतं तसंच होतं. पारू आणि सोनी यांनी फॅमिली लाइनीत शेजारच्या खोल्या घेतल्या. एका पाट्यावर दोन घरांचा मसाला वाटला जायचा. राघो तिथंच चालायला शिकला. पहिल्या वर्षी देवीडॉक्टरांचं पत्र आलं. साथ आम्ही निघाल्यावर महिन्याभरात कोपरला पोचली होती. त्यांनी लिहिलं होतं, "आपल्या तुळशीच्या हातची मुले सर्व खुशाल आहेत." धाकूनं ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

दुसऱ्या वर्षी, परतायला चार महिने असताना, धाकू एका चौकीवर पाणी नेणाऱ्या उंटांबरोबर एस्कॉर्टवर, म्हणजे पहाऱ्याला, गेला. सहा जण होते. दुपारी तीनच्या सुमारास डोंगरावरून गोळ्या आल्या. धाकूनं पाचांना खडकाआड पाठवलं आणि स्वतः उंटांचे दोर सोडवायला मागे थांबला. पखाली चौकीवर पोचल्या. पाच जण परत आले. मी संध्याकाळी त्याला उचलून आणणाऱ्यांत होतो. सोनीला मीच सांगितलं. पारू तिच्याजवळ होती.

आम्ही त्याला समुद्राकडच्या उतारावर अग्नी दिला. पलटण परत निघाली त्या दिवशी सकाळी सहा वाजता सुभेदारांनी कंपनीला तिथं फॉल-इन करून रांगेत उभं केलं. अडीच वर्षांचा राघो माझं बोट धरून उभा होता. सलामी झाली. माणसं बोटीकडे निघाली. सोनी निघाली नाही.

"भावोजी," तिनं मला विचारलं, "यांचं नाव सरकारी कागदावर हाय?"

"हाय."

"कसं लिवलंय?"

मी रजिस्टरात पाहिलं होतं. मी सांगितलं, "नाईक धाकू बिन हरी, राहणार कोपर."

तिनं राघोला उचलून घेतलं आणि त्याच्याकडून ते म्हणवून घेतलं. त्याला सगळं म्हणता आलं नाही. शेवटचे दोन शब्द आले.