कलम बांधलेला पाय

माझ्या नडगीचं बोटभर हाड आर्वीच्या रस्त्यावर राहिलं. हात सोडून सायकल चालवायची हौस होती, आणि समोरून ट्रक आला. तेव्हा कॉलेजात होतो, म्हणजे अक्कल कमी आणि ऐट जास्त.

सेवाग्रामच्या डॉक्टरांनी आधी जखम बरी केली. मग माझ्या कमरेचं हाड थोडं खरवडून काढलं, ते नडगीतल्या खिंडारात भरलं आणि मांडीपर्यंत प्लास्टर चढवलं. बाबांचा संत्र्याचा बगीचा. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "म्हंजे कलमच बांधलं म्हना ना, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर हसले. म्हणाले, कलमाचा डोळा, म्हणजे खुंटात बसवलेला अंकुर, तसाच जगतो आणि फुटतो. इथे भरलेलं हाड हळूहळू विरतं आणि शरीर त्याच जागी नवं हाड घालतं. पुढे काही महिन्यांनी त्यांनी मला कुबड्या दिल्या. "आता पायावर थोडा थोडा भार द्या. नाही तर नवं हाड कच्चं राहील, आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागेल."

मी बगीच्यातल्या घरी आलो आणि खाटेवर बसलो तो बसलोच. पाय टेकवला की कट्कन मोडेल, अशी भीती मनात बसली होती. आई विनवून थकली. मी कुबड्यांकडे बघायचोसुद्धा नाही.

एका सकाळी बाबांनी चारचौघांत जाहीर केलं, "याले कोनी उठवू नका. कलम बांधल्यावर झाड हालवते काय कोनी? डॉक्टरसाहेबाले बगीच्यातलं काय समजते? तू वर्षभर असाच पडून राह्यजो."

त्यानंतर माझं रोपटंच झालं. भेटायला येणाऱ्यांना बाबा माझा पाय दाखवायचे आणि खुंट, डोळा, बांधणी सगळं समजावून सांगायचे. एके दिवशी एकानं विचारलं, पाणी किती द्यायचं? बाबा गंभीरपणे म्हणाले, "ओल चालत नाई." मी सायन्सचा विद्यार्थी, माझं डोकं तापलं. लहानपणापासून बाबांनी नको म्हटलेली एकही गोष्ट मी करायची सोडली नव्हती. विहिरीत पोहायला त्यांनी मना केलं, म्हणून तर पोहायला शिकलो.

त्याच दुपारी बाबा जेवून लवंडले, घोरायला लागले, आणि मी कुबड्या उचलल्या. पाय टेकवताना घामानं निथळलो. काही मोडलं नाही. पहिल्या दिवशी एका झाडापर्यंत, मग दुसऱ्या, मग पार कुंपणापर्यंत. बाबांचं घोरणं थांबलं की आई दारातून खोकायची आणि मी लगबगीनं खाटेवर येऊन पडायचो. असं कित्येक दिवस चाललं.

एक्स-रेत खिंडार भरलेलं दिसलं. "भार चांगला दिलाय," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. मला एवढा आनंद झाला की डोळे भरून आले. पण बाबांना चार शब्द सुनावल्याशिवाय तो पचणार नव्हता. परतीच्या एस.टी.त मी ताठ बसून म्हटलं, "बाबा, मी रोज दुपारी चालत होतो. तुमच्या कलमाच्या भरवशावर राहिलो असतो तर झालंच होतं."

ते संत्रं सोलत होते. अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

"डॉक्टर म्हने चाल, तू नाई चालला. माय म्हने चाल, तरी नाई चालला. मंग म्या म्हनलं, चालू नको." फोडीतली बी खिडकीबाहेर टाकत ते म्हणाले, "रोज खोटं घोरून घोरून माहा गळा बसला."