आक्का दुसऱ्याचा कार्यक्रम बघायची

माझी सख्खी बहीण गेल्याची बातमी मला तिच्या आवडत्या टीव्हीवाल्याने दिली. घाटकोपरला एका सोसायटीच्या सभागृहात मी कुणाच्या तरी एकसष्टीचं सूत्रसंचालन करत होतो. फोन सायलेंटवर होता. उत्सवमूर्तींना केक भरवून झाला, मी माइक खाली ठेवला आणि फोन काढून बघतो तर अभयचे ओळीने मिस्ड कॉल. उलट फोन लावला. "दादा, आक्का गेल्या," तो म्हणाला. समोरच्या खोलीतल्या रेश्माभाभींनी आधी मलाच फोन केला होता. मी उचलला नाही, म्हणून त्याला केला. तो अंधेरीच्या स्टुडिओत होता. जोगेश्वरी तिथून रिक्षाच्या अंतरावर. तोंडाला मेकअप तसाच ठेवून तो धावला, जाताना डॉक्टरांना घेऊन गेला, पण काही उपयोग झाला नाही. मी ट्रॅफिकमधून पोचलो तेव्हा तो आक्काच्या पायाशी बसला होता आणि चाळीतल्या बायका मला वाट करून देता देता एकमेकींना सांगत होत्या, "अभय आलाय गं, टीव्हीतला अभय!" या गोष्टीला आता महिना उलटून गेला. दुःख पुष्कळ आहे. पण त्या दारात उभं असताना माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आलं नव्हतं. पहिल्यांदा आलं ते हे, की हा माझ्याआधी इथे कसा?

हे नीट समजायला थोडं मागे जावं लागेल. काही वर्षं मीसुद्धा टीव्हीवाला होतो. एका मराठी वाहिनीवर रात्री उशिरा माझा गप्पांचा कार्यक्रम लागायचा. सोफा, मागे खोट्या मुंबईचे खोटे दिवे, समोर पाहुणा, हातात कप, कपात काहीच नाही. नेमका त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर अभयचा कार्यक्रम लागायचा. तोही सोफा, तेही दिवे. रात्रीचे म्हणवणारे हे कार्यक्रम आम्ही दोघंही भर दुपारी अंधेरीतल्या एकाच गल्लीत, समोरासमोरच्या स्टुडिओंत चित्रित करायचो. चहाच्या टपरीवर भेट व्हायची. तो माझ्याहून लहान, अंगाने किरकोळ, आवाजही काही खास नाही. माझा आवाज चांगला. कॉलेजपासून बक्षिसं मिळवलेला आवाज. हजरजबाबीपणा तर विचारू नका. पाहुण्याचं वाक्य संपायच्या आत माझा विनोद तयार असायचा. तरी लोक त्याचा कार्यक्रम बघायचे. लोकांचं एक वेळ ठीक आहे… माझी बहीणही त्याचाच बघायची.

आक्का म्हणजे शालिनी. माझ्यापेक्षा बरीच मोठी. आई लवकर गेली, वडिलांची गिरणी बंद पडली, तेव्हापासून घर तिनेच ओढलं. अंधेरीला एका औषध कारखान्यात ती पॅकिंगला होती. वर्षानुवर्षं हातांना गोळ्यांचा कडवट वास. लग्न केलं नाही. मी लग्नानंतर बोरिवलीला गेलो, ती जोगेश्वरीची खोली सोडायला तयार झाली नाही. आमच्या घरात मालवणी तिनेच जिवंत ठेवली, माझी कधीच शहरात विरून गेली. माझा पहिला भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो. वाटलं, आता पाठीवर हात फिरवील. म्हणाली, "बरो दिसलंस. शर्ट कोणाचो?" मी म्हटलं, "शर्ट सोड, कार्यक्रम कसा वाटला?" ती पेढा मोडत म्हणाली, "बघलंय ना. त्या अभयच्यात जाहिराती लागल्यो की तुझो लावतंय." काडीचाही खोडसाळपणा नव्हता त्यात. तिच्या दृष्टीने तो हिशेब सरळ होता. पेढा तोंडात घालून ती चहा ठेवायला उठलीसुद्धा.

पुढची गोष्ट त्याहून वाईट. आमच्या मीटिंगमध्ये निर्माता अधूनमधून अभयचा भाग लावून दाखवायचा. बघा, शिका, असं. त्यात प्रेक्षकांच्या फोनचा एक तुकडा असायचा. एकदा आम्ही सगळे डबे उघडून बसलोय, पडद्यावर अभय म्हणतोय, "बोला, कोण बोलतंय?" आणि स्पीकरमधून आवाज आला, "मी जोगेश्वरीसून बोलतंय. रे बाबा, तू बारीक कित्याक झालंस? जेवतंस मां?" आक्काचा आवाज! बाकीचे हसले. ती माझी बहीण, हे कुणाला माहीत नव्हतं. अभयही हसला, पण चेष्टेने नाही. "मावशी, आज डब्यात भेंडी होती, आवडत नाही मला," असं खरंखुरं उत्तर दिलं त्याने. निर्माता म्हणाला, "बघ, असे प्रेक्षक पाहिजेत आपल्याला!" मी पोळी चावत राहिलो. त्या बाईने मला गेल्या कित्येक महिन्यांत जेवलास का म्हणून फोन केला नव्हता, हे मी त्याला काय सांगणार? अर्थात, मीही तिला केला नव्हता.

मग तिचे फोन वरचेवर लागू लागले. तिला तिथे सगळे आक्का म्हणू लागले. आणि कार्यक्रमाच्या वर्धापनदिनाच्या खास भागाला नट, गायक सोडून त्याने चक्क माझ्या बहिणीला पाहुणी म्हणून बोलावलं. आक्काने मला आदल्या दिवशी कळवलं. कळवलं म्हणजे काय, "तुझ्या बायकोची ती जांभळी साडी दी," एवढंच. मी तिला दोनदा माझ्या कार्यक्रमात ये म्हटलं होतं. दोन्ही वेळा म्हणाली होती, "मी काय बोलतलंय? माका लाज वाटता." आता माझ्या बायकोची साडी नेसून ती दुसऱ्याच्या सोफ्यावर बसायला निघाली होती. माझी बायको वर्षा म्हणाली, "जाऊ दे ना रे, हौस आहे त्यांची." मी म्हटलं, जाऊ दे. साडी मी स्वतः नेऊन दिली.

तो भाग मी घरी बसून पाहिला. आक्का सुरुवातीला अवघडली होती, पदर सारखा करत होती. त्याने तिला तिच्या नोकरीबद्दल विचारलं. ती म्हणाली, "कारखानो बंद पडलो मध्येच. पण घरात सांगूक नाय." मी सावरून बसलो. कारखाना बंद पडला? मला माहीत होतं ते असं, की आक्काने कंटाळून पॅकिंगचं काम सोडलं आणि बालवाडीत मदतनीस म्हणून लागली. तेव्हा मी कॉलेजात होतो, एकांकिकांच्या तालमींमध्ये गुंतलेलो. मध्ये काही काळ गेला असेल, असं कधी डोक्यातही आलं नव्हतं. अभयने पुढे विचारलं नाही की, मग पैशाचं काय केलंत, रडलात का, कसं वाटलं. त्याने विचारलं, "मग दुपारचा डबा कुठे खायचात?"

आणि आक्का हसायला लागली. म्हणाली, जोगेश्वरीच्या लेण्यांत. रोज सकाळी कामावर जायच्या वेळेला डबा घेऊन ती बाहेर पडायची, एका मैत्रिणीकडे बसून साड्यांना फॉल लावायची, आणि मैत्रिणीच्या घरची माणसं जेवायला यायची तेव्हा अडचण नको म्हणून लेण्यांत जाऊन बसायची. आत देवीची जागा आहे, गारवा असतो, कुणी उठवत नाही. पावसाळाभर ती तिथे जेवली. तिथल्या पुजाऱ्याला वाटलं, ही बाई लग्नासाठी देवीला साकडं घालतेय. एक दिवस तो तिला म्हणाला, बाई, धीर धर, चांगला नवरा मिळेल. "मी म्हटलंय, महाराज, नवरो नको, नोकरी मिळांदे!" स्टुडिओत हशा उसळला. मग हसत हसतच ती म्हणाली, "भाऊ माझो शिकत होतो ना. तेका डब्यात अंडा लागायचा. माझ्या डब्यात काय आसा, ता कोण बघता?" हशा थांबला. अभय काही बोलला नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला. इतका वेळ, की मला वाटलं आता कुणीतरी कॅमेरा हलवा… मी असतो तर त्या जागी एक छान वाक्य टाकलं असतं. टाळ्यासुद्धा मिळवल्या असत्या. त्याने काहीच टाकलं नाही आणि त्या शांततेत आक्काने डोळे पुसले. मी तिला रडताना त्याआधी पाहिलं होतं ते आईच्या वेळी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी जोगेश्वरी गाठली. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. "मला का नाही सांगितलंस कधी?" मी उभ्यानेच विचारलं. "तुका सांगितला असता तर तू कॉलेज सोडून खंयतरी चिकटलो असतस," ती म्हणाली. "आणि मगे सांगूचा रवान गेला." "मग त्याला बरं सांगितलंस? सगळ्या महाराष्ट्रासमोर?" तिने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे जरा आश्चर्याने बघितलं, जसं काही मी वेड्यासारखं बोलत होतो. "तेना इचारल्यान," ती म्हणाली. एवढंच. मग पुन्हा खडे वेचायला लागली. त्या काळात मी रोज रात्री जेवायला घरी यायचो, तिच्या हातचं खायचो, डबा रिकामा परत आणायचो. तिने दुपारी कुठे खाल्लं, हे विचारायला एक वाक्य लागलं असतं. पण हे शहाणपण झालं आत्ताचं. त्या सकाळी मला फक्त राग आला होता, आणि तोही अभयचा. हा प्रश्न त्याला सुचलाच कसा? मी पाहुण्यांसाठी कार्डं भरभरून प्रश्न लिहायचो, त्यात असला एकही प्रश्न कधी नव्हता.

माझा कार्यक्रम पुढच्या वर्षी बंद झाला. त्याचा चालू राहिला, अजून चालू आहे. मी लग्नं, एकसष्ट्या, सोसायट्यांचे गणपती असं करत राहिलो. त्यात वाईट काही नाही, घर चालतं. आक्काला मी महिन्यातून एकदा भेटायचो. थकत चालली होती, दम लागायचा, पण बोरिवलीला चल म्हटलं की "हय माझी माणसां आसत" म्हणायची. मला वाटायचं, माणसं म्हणजे शेजारी. त्या माणसांत अभयही आहे हे मला कळलं ते तिच्या दिवसकार्याच्या वेळी. तो पुन्हा आला होता, कॅमेरा नाही, कुणी सोबत नाही. घरात गर्दी होती, वर्षा चहा करत होती आणि कप कमी पडत होते. मी रेश्माभाभींना विचारत होतो, जास्तीचे पेले कुठे असतील हो? तोवर अभय मोरीच्या बाजूला गेला, तांदळाच्या डब्यामागे हात घातला आणि स्टीलचे पेले काढून वर्षाच्या हातात दिले. न शोधता. माझं लहानपण त्या खोलीत गेलंय. "तो येतो मधूनमधून," रेश्माभाभी हळूच म्हणाल्या. "शूटिंगला जाताना. बांगडा खायला." इतकी वर्षं येत होता. तिने मला सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

जाताना तो दारात थांबला. मला वाटलं, आता म्हणेल, आक्का तुमच्याबद्दल फार बोलायच्या. अशा वेळी लोक म्हणतातच. मी त्या वाक्याची वाट बघत होतो, खोटं का होईना. त्याऐवजी तो चाचरत म्हणाला, "दादा, एक मागू? आक्कांचा मसाला उरला असेल तर थोडा… दर मे महिन्यात मला एक बरणी द्यायच्या." दर मे महिन्यात आक्का गच्चीवर मिरच्या वाळवायची, धणे, बडीशेप, दगडफूल भाजताना सगळी चाळ खोकायची, आणि त्या मसाल्याची एक बरणी बोरिवलीला यायची. मी समजत होतो ती एकच बरणी असते. "संपला," मी म्हटलं. मान हलवून तो जिना उतरून गेला. आत फळीवर बरणी होती, अर्ध्याहून जास्त भरलेली. त्यानेही ती पाहिली असणार, पेले काढताना.

ती बरणी आता आमच्या स्वयंपाकघरात आहे. झाकण उघडलं की जोगेश्वरीची ती खोली सबंध बाहेर येते, शेगडीसकट, खोकल्यासकट. आमच्याकडे बुधवारी मासे होतात. वर्षा चमचा भरून घेते आणि मी तिथेच उभा राहून म्हणतो, कमी घाल. गेल्या आठवड्यात ती वैतागून म्हणाली, "किती दिवस पुरवणार आहेस? जुना झाला की कडू लागेल." म्हणून परवा मी एक कॉफीची रिकामी बाटली धुतली, उन्हात वाळवली, तिच्यात मसाला भरला, वर हिंगाचा खडा ठेवला, आक्का ठेवायची तसा, आणि झाकण घट्ट लावून वर्तमानपत्रात गुंडाळली. काल अंधेरीला काम होतं. अभयच्या स्टुडिओच्या गल्लीतच. निघताना बाटली पिशवीत घातली, चपला घातल्या, दार उघडलं… आणि परत आत जाऊन ती फळीवर ठेवली, मोठ्या बरणीच्या मागे. आहे तिथेच आहे अजून.