माठवाल्या काकूंची साक्ष

हातात पेला दिल्याशिवाय माठवाल्या काकू कुणालाही देवाकडे जाऊ देत नसत. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये दर गुरुवारी नानांचं उपासना मंडळ भरायचं. ऑफिसातून घामेजून आलेली माणसं थेट आत घुसायची. दाराशी स्टुलावर माठ आणि शेजारी काकू. "आदी पाणी पी गो, मगे देव. तहानलेल्याचा लक्ष खंय आसता?" एकदा घाईत मी बगल दिली, तर त्यांनी माझी पर्सच धरून ठेवली. मुकाट्याने प्याले.

काकू मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला. ऐंशी सालानंतर कधीतरी नाना आजारी पडले. त्यांचा मुलगा अरविंद फिरतीवर, सून नोकरीला, म्हणून दुपारची पाळी काकूंनी घेतली. अशाच एका दुपारी नाना गेले. खोलीत काकू एकट्याच होत्या, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

नानांनी वारस नेमला नव्हता. अरविंदचं म्हणणं, गादी घरातच राहणार. वर्षानुवर्षं निरूपण सांभाळलेले दळवीसर म्हणत, गादी अधिकारी माणसाची. मग जो तो काकूंना गाठू लागला. नानांनी शेवटी कुणाचं नाव घेतलं?

"पाणी मागल्यानी. मी दिलंय. दोन घोट घेतल्यानी आणि गेले."

"आणि त्याआधी?"

"त्याच्या आदी उशी सारखी करूक सांगल्यानी."

मी दळवीसरांच्या बाजूची. काकूंच्या घरी जाऊन स्पष्टच म्हटलं, "काकू, सरांचं नाव घ्या. मंडळ फुटायचं नाही. नानांच्या मनातही तेच होतं."

त्या तांदूळ निवडत होत्या. "मनातला तुका म्हायत, तर तूच सांग."

"माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? तुमच्यावर सगळ्यांचा आहे."

"म्हणानच गो," त्या म्हणाल्या आणि एक खडा बाजूला टाकला.

रविवारी बैठक झाली. नानांच्या पादुकांवर हात ठेवून बोला, असं फर्मान निघालं. काकूंनी हात पदराला पुसला, पादुकांवर ठेवला. "पाणी मागल्यानी."

"ही बाई फितलीय!" अरविंद ओरडला. दळवीसर शांतपणे म्हणाले, "वय झालंय त्यांचं." एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत झालं: काकूंनी यापुढे हॉलच्या दाराशी बसायचं नाही. मी तिथेच होते. तोंड उघडलं नाही.

मंडळ फुटलं. सर हॉलमध्ये, अरविंद त्याच इमारतीच्या गच्चीवर. पहिल्या गुरुवारी दोन्हीकडे एकच आरती, गच्ची एक कडवं पुढे. थांबायला कुणी तयार नाही. काकूंनी माठ सोसायटीच्या फाटकाशी मांडला होता. वर मान करून म्हणाल्या, "देवाक आज दोनदा ऐकूचा लागता."

फाटक दोन्ही बाजूंना एकच. त्या दिवशी निम्मे लोक तोंड फिरवून गेले. काकू पेला विसळून पुढच्यासमोर धरत राहिल्या. महिना-दोन महिन्यांत सगळे प्यायला लागले. मी तिसऱ्या गुरुवारी गेले. पेला रिकामा करेपर्यंत माझी पर्स काकूंच्या हातात होती.

पुढे काकूंचे गुडघे गेले, तेव्हा पहाटे पाणी आलं की माठ मी भरायची. काकू स्टुलावरून चुका काढायच्या.

त्या हॉस्पिटलात वारल्या तेव्हा शेजारी मीच होते. बाहेर दोन्ही मंडळांची माणसं उभी होती, आता काकू दोघांनाही आपल्याच वाटत होत्या. मी बाहेर येताच अरविंदने विचारलं, "काही म्हणाल्या? आमच्याबद्दल?" दळवीसरही पुढे सरकले.

'एक व्हा', एवढं जरी मी सांगितलं असतं, तरी कदाचित मंडळ जुळलं असतं. कुणी पडताळणार नव्हतं. खोलीत मी एकटीच होते.

"काही नाही. झोपेतच गेल्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. माठ भरून मी फाटकाशी नेऊन ठेवला.