नऊ सेकंदांचा तुकडा

नांदेडच्या कॉलेजात मी सोळा वर्षं चित्रपट शिकवतो आणि दरवर्षी पहिल्या तासाला माझीच एक चूक दाखवतो. भूकंपानंतर चौथ्या महिन्यात लातूरकडच्या एका गावात मी पहिला माहितीपट केला. त्यात पत्र्याच्या शेडसमोर बसलेली एक बाई आहे. घरातलं कोण कोण गेलं ते एका वाक्यात सांगून ती थांबते. मग ओठ हलतात, काही बोलणार असं वाटतं. नवव्या सेकंदाला माझा आवाज येतो, मावशी, पत्रे सगळ्यांना मिळाले का? ती "हाव" म्हणते. तुकडा संपतो.

ती काय बोलणार होती, ते माझ्यामुळे राहून गेलं, ही टोचणी मला कायम होती. मुलांना सांगायचो, समोरच्याच्या दुःखाला वेळ द्या, वीस सेकंद तोंड उघडू नका. वीस हा आकडा माझ्याच मनाचा.

एका वर्षी वर्गातली एक मुलगी म्हणाली, ही आमच्या गावची आजी. आता लातुरात असते. नातीला डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास लावलेत, तिला रांधून घालायला खोली केली आहे. रविवारी आम्ही दोघं एसटीनं गेलो. अहमदपूरला चहा घेताना मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही आज काहीच बोलून नाही राहिले."

मावशींच्या मजल्यावर सहा खोल्या होत्या, प्रत्येकीत क्लासचं एक पोर, आणि सहाही खोल्यांत बायका कुजबुजत बोलत होत्या. मावशींनी कुकर वापरणंच सोडलं होतं, शिट्टीनं अभ्यास मोडतो म्हणून. नात कोपऱ्यात वाचत होती, त्यामुळे तुकडाही मोबाइलवर आवाज बंद करून पाहिला. मी हळूच विचारलं, तेव्हा काय सांगायचं होतं? आणि गप्प बसलो. तेवीस सेकंद गेले.

"तुमचा तो कॅमेरावाला माझ्या चुलीत पाय देऊन हुबा व्हता. सकाळीच थापलेली, ओली. बाजूला हो म्हणावं का न्हाई, ह्याच इचारात व्हते."

नात पुस्तकाआड फिसकन हसली. मावशींनी तिला "तू वाच" म्हणून दटावलं आणि आम्हाला पातेल्यातला भात वाढला.

परत येताना कॅमेरामनला फोन करून चुलीचं सांगितलं. तो आता भोकरला शेती बघतो.

"म्हणजे तो चिखल नव्हता का?" तो म्हणाला. "दोन दिवस बूट धूत होतो. मावशींना सांग, चुकलं म्हणावं."