कस्तुरीच्या नावावर काढलेली भिंत

दोन आठवड्यांच्या रजेनंतर कस्तुरी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या ऑफिसात परतली आणि पहिलंच ड्रॉइंग उघडलं, तर तिने आखलेल्या अंगणाच्या मधोमध एक भिंत उभी होती. सहा फुटी, विटांची. कागदाच्या कोपऱ्यात, 'ड्रॉइंग कोणी केलं' या रकान्यात तिचीच आद्याक्षरं होती.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या सकाळी कळलं.

कस्तुरीचा जन्म मिल्टन कीन्सचा. वडील कमलाकर कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, बांधकाम तपासनीस होते. शनिवारी लेकीला सायकलवर घेऊन नव्या वसाहती दाखवत हिंडायचे आणि विचारायचे, "या घरातली म्हातारी बाई पिशव्या घेऊन दारापर्यंत कशी येईल, सांग." त्या प्रश्नानेच ती आर्किटेक्ट झाली. शिक्षणात आणि परीक्षांत सात वर्षं गेली. पुढची एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने, शाळांची टॉयलेट्स, सायकली ठेवायच्या शेड हे सगळं तिने काढलं. मीटिंगमध्ये पाहुणे तिच्याकडेच कॉफी मागायचे, तेही तिने गिळलं. शेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा एक अख्खी इमारत तिच्या हाती आली.

शहराबाहेर चौऱ्याऐंशी फ्लॅट व्हायचे होते. त्यातले सव्वीस कमी भाड्याच्या घरासाठी कौन्सिलच्या यादीत थांबलेल्या कुटुंबांसाठी. कस्तुरीने सगळ्यांना एकच मोठं दार दिलं आणि मध्ये एकच अंगण. तिथे झाडं, बाकं, लहान मुलांची घसरगुंडी. याच नकाशाला परवानगी मिळाली. परवानगी हातात पडल्यावर बिल्डरने 'किरकोळ बदल' म्हणून नवा नकाशा दाखल केला. सव्वीस घरांचं दार मागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी गेलं. अंगण अठ्ठावन्न घरांचं झालं आणि मध्ये भिंत आली.

ती थेट गॅरेथच्या केबिनमध्ये गेली. गॅरेथ ऑफिसचा मालक. नऊ वर्षांची ओळख.

"हे माझ्या नावावर कोणी काढलं?"

"तू रजेवर होतीस. क्लायंटला घाई होती," गॅरेथ म्हणाला. "फाइल तुझी, म्हणून आद्याक्षरं तशीच राहिली. काढून टाकतो."

"आणि भिंत?"

"देखभालीच्या सोयीसाठी आहे ती. कस्तुरी, एक भिंत आहे फक्त."

"भिंत सोयीची असती, तर तुम्ही माझी रजा संपायची वाट पाहिली असती."

आद्याक्षरं त्याच दुपारी निघाली. भिंत राहिली. शुक्रवारी कस्तुरीने राजीनामा दिला.

संध्याकाळी तिने वडिलांना फोन लावला. रागावली की तिचं मराठी अडखळायचं. "बाबा, माझा नाव त्यांनी असा वापरला. माझा नाव!" एरवी कमलाकरांनी लगेच 'माझं नाव' म्हणून सुधारलं असतं. त्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "नवा नकाशा मंजुरीसाठी कौन्सिलच्या कमिटीपुढे कधी येतोय?"

नकाशा कौन्सिलच्या वेबसाइटवर होता, कुणालाही बघता येईल असा. हरकत घ्यायचा हक्कही कुणालाही होता. बैठकीची तारीख येईपर्यंत तिची नोकरी संपली होती. जुन्या सहकाऱ्यांनी समजावलं, या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, नाव खराब होईल. "खराब करायला त्यांनी काही शिल्लक ठेवलंय का?" असं म्हणून तिने बैठकीत बोलणाऱ्यांच्या यादीत नाव घातलं.

कमिटीपुढे तिला तीन मिनिटं मिळाली. गॅरेथ बिल्डरच्या माणसाशेजारी बसला होता. तिने कागद टेबलावर ठेवला आणि वडिलांच्या सुरात सुरुवात केली. "एकसष्ट नंबरच्या फ्लॅटमध्ये पाच वर्षांचं मूल राहील. मंजूर नकाशात ते एक जिना उतरून अकरा पावलांत घसरगुंडीपाशी पोचतं. नव्या नकाशात त्याला ती स्वैपाकघराच्या खिडकीतून भिंतीपलीकडे दिसते, पण तिथे जाता येत नाही. या बदलाला अर्जात किरकोळ म्हटलंय. मला त्या मुलाला हा शब्द समजावून सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर सांगा."

बिल्डरचा माणूस उठून देखभालीबद्दल बोलला. मग अध्यक्षबाईंनी विचारलं, "सव्वीस घरांतल्या मुलांनी अंगणाची देखभाल अवघड होते आणि अठ्ठावन्न घरांतल्या मुलांनी होत नाही, हे कसं?" त्याने देखभालीचाच परिच्छेद पुन्हा वाचून दाखवला.

पाच विरुद्ध चार मतांनी भिंत नामंजूर झाली. पण मागचं वेगळं दार त्याच कमिटीने, त्याच बैठकीत मंजूर केलं.

बाहेर पार्किंगमध्ये गॅरेथ तिच्याजवळ आला. "चांगलं बोललीस," म्हणाला आणि हात पुढे केला. तिने गाडीची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, पण त्याचा हात घेतला नाही.

आता ती घरातूनच काम करते. भाडेकरूंच्या संघटना तिला बिल्डरांचे नकाशे पाठवतात आणि कोणत्या ओळीत काय दडवलंय, ते ती शोधून देते. कामाला तोटा नाही, याचाच तिला जास्त राग येतो.

गेल्या महिन्यात त्या इमारतीत लोक राहायला आले. कमलाकर काठी टेकत तिच्याबरोबर बघायला गेले. अंगणात मुलं खेळत होती. "जिंकलीस की गं," ते म्हणाले.

तेवढ्यात एक बाई प्रॅम ढकलत मोठ्या दारापाशी आली, तिथली 'फ्लॅट १ ते ५८' ही पाटी वाचली आणि वळून डब्यांच्या बाजूला निघाली.

"बघा, बाबा," कस्तुरी म्हणाली, "आणि मग सांगा, कोण जिंकलं." ती त्या बाईला ते मागचं दार उघडून धरायला झपाझप चालू लागली.