निळ्या शब्दांची वाट

आमच्या यांना काय झालं आहे, ते मला कोणी नीट सांगितलं नाही. डॉक्टर मुलाकडे बघून इंग्रजीत बोलत होते आणि मुलगा मान हलवत होता. मी औषधांची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसले होते. उठताना डॉक्टर मला म्हणाले, "आजी, मीठ कमी घाला हं त्यांच्या जेवणात." एवढंच माझ्या वाट्याला आलं. मला विचारायचं होतं, हे बरे होणार ना? पण चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. लग्न होऊन गिरगावात आले तेव्हापासून तो तसाच आहे.

घरी आल्यावर मुलगा गॅलरीत जाऊन बहिणीशी फोनवर बोलला. त्या बोलण्यात सिरोसिस हा शब्द आला. तेवढा मी धरून ठेवला.

सुनेने माझ्या मोबाइलमध्ये मराठी अक्षरं घालून दिली आहेत. एक ज्ञानकोशही दाखवला आहे. त्यात जगातल्या कुठल्याही गोष्टीवर एक पान असतं. दुपारी हे झोपले तशी मी स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि एकेक अक्षर शोधून तो शब्द लिहिला. पान उघडलं. पहिल्याच ओळीत होतं, सिरोसिस हा यकृताचा आजार आहे. त्यातला यकृत हा शब्द निळा होता.

माझी शाळा चौथीपर्यंत, कोकणात. आमच्या बाईंचा एक नियम होता. धडा वाचताना शब्द अडला की त्याच्यावर बोट ठेवून थांबायचं. अर्थ कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. कोणी शब्द ओलांडून पळालं की त्या धडा पहिल्यापासून वाचायला लावायच्या. मी अजून वर्तमानपत्रही तसंच वाचते. मला वाटलं, अडणारे शब्द या कोशवाल्यांनी आधीच निळे करून ठेवले आहेत. म्हणून यकृतावर बोट ठेवलं.

दुसरं पान आलं. यकृत हा शरीरातला एक अवयव. इथे अवयव निळा. त्यावर बोट ठेवलं तर सजीव, सजीवावरून जीवशास्त्र, तिथून विज्ञान, मग ज्ञान. ज्ञानावर बोट ठेवलं आणि तत्त्वज्ञान आलं. पहिली ओळ पुन्हा पुन्हा वाचली. अस्तित्व, सत्य असलं काही होतं. यांच्या सुजलेल्या पायांबद्दल काही नव्हतं.

माझंच काही चुकलं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी मिठापासून सुरुवात केली. मग पाण्यापासून, कारण यांच्या पोटात पाणी होतं असं मुलगा म्हणाला होता. वाटा वेगळ्या निघायच्या, विज्ञानापाशी एक व्हायच्या आणि तत्त्वज्ञानावर जाऊन थांबायच्या. शेवटी वैतागून मिरची लिहिली. तीही तिथेच गेली.

हे कॉटवरून बघत होते. "काय प्रोफेसरीणबाई, कुठवर आला अभ्यास?"

"काही नाही. मिरचीचं वाचतेय."

"मग? काय म्हणते मिरची?"

"कुठूनही निघालं तरी तत्त्वज्ञानावरच जातं हो हे."

यांना हसू आलं. हसताना पोट ओढतं म्हणून हाताने धरून हसले. "त्यात नवल काय? गिरगावात कुठूनही निघ, शेवटी चंदनवाडीचं स्मशानच."

"काहीतरीच बोलता तुम्ही!" म्हणून मी गॅसपाशी गेले. गॅसवर काही नव्हतं.

समोरच्या वहिनी चौकशीला आल्या. जाताना दारात मला हळूच म्हणाल्या, "न पिता लिव्हर जातं होय गं?" यांनी आयुष्यात कधी दारूला हात लावला नाही. मी दार लावून घेतलं.

मग सुनेलाच विचारलं, मिरचीचं निमित्त करून. ती म्हणाली, "अहो आई, निळ्यावर कशाला जाताय? पान वर सरकवा. खाली सगळं असतं, कुठे पिकते, जाती किती, सगळं."

"आणि ते तत्त्वज्ञान?"

"ते सगळ्यांचंच होतं. लोक गंमत म्हणून करून बघतात," म्हणाली आणि ऑफिसला गेली.

म्हणजे मला हवं होतं ते पहिल्याच पानावर, खाली होतं. मी पहिल्या ओळीच्या पुढे कधी गेलेच नव्हते. त्या दुपारी पुन्हा पाटावर बसले, सिरोसिसचं पान काढलं आणि बोटाने वर सरकवत गेले. अडलेले शब्द ओलांडले. आयुष्यात पहिल्यांदाच. पुष्कळ कळलं नाही. पण एका ठिकाणी अगदी साधे शब्द होते, आमच्या घरातलेच. दिवसा झोप, रात्री जाग. हात थरथरणे. अक्षर बिघडणे. आणि त्यांच्या आधी लिहिलं होतं, आजार फार पुढे गेल्यावर. त्याच्या खालचंही मी वाचलं. ते इथे लिहीत नाही.

हे कारकून होते. यांचं अक्षर इतकं सुरेख की वाडीतल्या लग्नांची आमंत्रणं आधी यांच्याकडे लिहायला यायची. पेपरातलं शब्दकोडं रोज सोडवतात. अलीकडे यांची अक्षरं चौकोनाबाहेर जात होती. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. मी काचा पुसून देत होते.

संध्याकाळी हे उठले तेव्हा यांनी पेपर मागितला. पेन हातात धरलं, ते कागदावर टेकेना. मग माझ्यापुढे केलं.

"तू लिही. मी सांगतो."

मी जवळ बसले. हे पेपराकडेच बघत होते. बघत बघत म्हणाले, "खालपर्यंत वाचलंस का?"

"काय?"

"यकृताचं."

मी यांच्यासमोर तो शब्द कधी काढला नव्हता.

"नाही," मी म्हटलं.

"बरं केलंस. नको वाचूस." मग म्हणाले, "उभा, सात नंबर. चार अक्षरी."

मी पेन धरून बसले. हे खिडकीकडे बघत आठवत राहिले. एकदा ओठ हलले, पण शब्द आला नाही. मग डोळे मिटले. मी रिकाम्या चौकोनावर बोट ठेवून थांबले.