वारेचा पडदा

मॉनिका मिरांडा मरोळच्या गावठाणातली. बापाची भातशेती कारखान्यांच्या वसाहतीत गेली, तेव्हा थोरली म्हणून ती नर्सिंग शिकली आणि अंधेरी पूर्वेच्या एका धर्मादाय इस्पितळात लागली. तिला हवा होता बाळंतिणींचा वॉर्ड. मिळाला जळीत वॉर्ड. "थोडे दिवस काढ, मग बदलून देते," असं मेट्रन म्हणाली होती. मेट्रन निवृत्त झाली, एकाहत्तर साल उजाडलं, मॉनिका तिथेच होती.

वॉर्डात बहुतेक बायकाच असत. चकाल्याच्या, साकीनाक्याच्या, घाटकोपरच्या डोंगरावरच्या. हवालदार जबानी घ्यायला यायचा आणि जवळपास प्रत्येक बाई एकच सांगायची: स्टोव्ह भडकला, पातळाने पेट घेतला. मॉनिकाचा आधी त्यावर विश्वास बसायचा. पुढे बसेनासा झाला, पण ती विचारायला जात नसे. सकाळी ड्रेसिंग सुरू झालं की चिकटलेली पट्टी सोडवताना ज्या किंकाळ्या उठत, त्या फाटकाबाहेर बसच्या रांगेत उभ्या असलेल्या लोकांनाही ऐकू जात. ते संपेपर्यंत तिच्यात दुसरं काही उरत नसे.

वॉर्डाच्या सर्जन होत्या डॉक्टर शुभा रेगे. बाळंतपणात वारेबरोबर जो पातळ पडदा पडतो, तो धुऊन भाजलेल्या जागेवर अंथरला तर वेदना कमी होतात, अंगातलं पाणी झिरपत नाही, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. दोन-तीनदा करूनही पाहिलं होतं. पण बाळंतपण काही ड्रेसिंगची वेळ बघून होत नाही, आणि इस्पितळाचा एकुलता फ्रिज औषधांनी भरलेला. पडदा दुपारपर्यंत खराब व्हायचा.

त्या वर्षी पावसाळा सरताना लष्करी इस्पितळातले डॉक्टर, मेजर चंद्रप्रकाश, आले. शिकले नागपुरात, त्यामुळे मराठी बोलत, पण मधूनमधून हिंदी मिसळून. त्यांनी सरळच सांगितलं, "मॅडम, लढाई होणार. जळालेले जवान येतील आणि आमच्याकडे बेड कमी पडतील. तुमचा पडद्याचा प्रयोग मला शिकायचा आहे. फ्रिज, जीप, पेनिसिलिन मी देतो. तुम्ही जागा द्या, बाळंतिणींकडचा माल द्या."

"माल म्हणू नका," शुभाताई म्हणाल्या. "आणि माझी एक अट आहे. जे जवानांना, ते माझ्या बायकांना."

मेजर म्हणाले, "कागदावर नाही लिहिता येणार. पण फ्रिजला ताला मी नाही लावणार."

व्हरांडा फळ्या ठोकून बंद केला आणि तिथे जवानांचा वॉर्ड झाला. मधे एकच भिंत. पडदे गोळा करायचं काम मॉनिकाकडे आलं.

बाळंतिणींच्या वॉर्डातली आया शेवंती मालवणकडची. ती पहिल्याच दिवशी आडवी आली. "वार पुरतत बाये. असां कोणाक देनत नाय."

"वार तुमचीच. पुरा तुम्ही. मला फक्त वरचा पडदा हवाय, भाजलेल्यांसाठी."

भाजलेल्यांसाठी म्हटलं की बाळंतिणी कचरत. नवजात पोराच्या अंगाभोवतीची वस्तू जळालेल्या बाईच्या अंगाला लागायची, हे कुणाच्या सासूला पटत नसे. मग एकदा मॉनिका म्हणाली, "जवानांसाठी आहे, मावशी." म्हातारीचा चेहराच बदलला. "मग घ्या की! विचारता काय?" तेव्हापासून मॉनिका सगळ्यांना तेच सांगू लागली. अर्धं खरं होतं. उरलेल्या अर्ध्याबद्दल तिने रविवारी चर्चमध्ये कबुलीही दिली, आणि सोमवारी पुन्हा तेच सांगितलं.

डिसेंबरात लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले आणि नौदलाचे भाजलेले खलाशी येऊ लागले. त्यांत धाकू होता. बोटीच्या इंजिनखोलीत काम करणारा, तोंड आणि दोन्ही हात भाजलेले. त्याच आठवड्यात साकीनाक्याहून प्रेमा आली. विशीचीही नसेल. गळा, छाती, डावा दंड. तिनेही हवालदाराला स्टोव्हचंच सांगितलं.

एका सकाळी एकाच बाळंतिणीचा पडदा दोघांना पुरवला. निम्मा धाकूच्या हातांवर, निम्मा प्रेमाच्या गळ्यावर. ओल्या रेशमासारखा तो पडदा मॉनिका बोटांनी सारखा करत होती. धाकू म्हणाला, "सिस्टर, थंड लागता गे." मग भिंतीकडे मान वळवून त्याने विचारलं, "पलीकडे रडता ती कोण?"

"आहे एक मुलगी."

"तिका पण ह्याच लावतास मां?"

"हो रे बाबा. हेच."

जवानांना भेटायला माणसांची रीघ लागायची. महिला मंडळं संत्री आणि स्वेटर आणत, कुणी ट्रान्झिस्टर दिला, शाळेच्या मुली गाणी म्हणून गेल्या. प्रेमाकडे नवरा यायचा. खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचा आणि मॉनिकाला विचारायचा, "अजून किती दिवस?" एवढंच. उरलेली संत्री मॉनिका बायकांच्या वॉर्डात वाटायची. प्रेमा सालं उशाशी ठेवायची, वासासाठी.

पडद्याचा गुण दिसू लागला. किंकाळ्या कमी झाल्या. शुभाताई आणि मेजर दोन्ही वॉर्डांतून बरोबरीने फिरत, जखमा मोजत, वाद घालत. मेजर बायकांच्या वॉर्डात पहिल्यांदा आले त्या दिवशी बाहेर येऊन म्हणाले, "आमच्याकडे हे लढाईत होतं. इथे रोज?"

जानेवारीत प्रेमाच्या गळ्यावर नवी, गुलाबी कातडी धरली. पट्टी बदलताना तिने हळूच विचारलं, "सिस्टर, मी बरी झाले की मला घरी पाठवतील ना?"

"पाठवतील तर! आता थोडेच दिवस गं."

प्रेमाने डोळे मिटून घेतले. पट्टीचा त्रास होत असेल, असं मॉनिकाला वाटलं.

धाकूला हार घालून निरोप दिला. त्याची बोटं आखडली होती, पण तो चालत, हसत गेला. महिन्याभराने प्रेमाही गेली. नवऱ्याने रिक्षा आणली होती. तिला न्यायला दुसरं कुणी आलं नव्हतं, आणि हार घालायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी मेजरांची बदली झाली. जवानांचे बेड रिकामे झाले होते. फ्रिज आणि जीप परत न्यायचा हुकूम आला. मेजर स्वतः सांगायला आले. शुभाताई खूप बोलल्या. काम अर्धवट राहील, निष्कर्ष अजून हातात यायचेत, बायका तर येतच राहणार. मेजर सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मॅडम, मी दोनदा लिहिलं. बायका आमच्या खात्यात येत नाहीत." फ्रिज चढवताना हमालांच्या हातून दाराची चौकट खरचटली. ती तशीच राहिली.

मॉनिका आता बाळंतीण सुटली की पितळी बाऊल घेऊन धावत जायची आणि पडदा ताजाच आणून लावायची. मिळेल तेव्हा. पण म्हाताऱ्या विचारू लागल्या, "लढाई तर संपली ना गं?" मग तिने खरं सांगितलं. काहींनी दिला. पुष्कळांनी नाही म्हटलं.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात प्रेमा पुन्हा आली. या वेळी चेहराही राहिला नव्हता. मॉनिकाने तिला ओळखलं ते डाव्या दंडावरच्या जुन्या व्रणावरून. तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. बाळंतिणींच्या वॉर्डात त्या दिवशी दोघी सुटल्या होत्या, आणि दोघींच्या घरच्यांनी नकार दिला. शेवंतीने एकीच्या सासूचे पायसुद्धा धरले. प्रेमा तिसऱ्या दिवशी गेली.

मॉनिका आपणहून पोलिसांकडे गेली. खटला उभा राहिला तेव्हा साक्षीलाही गेली. प्रेमाने काय विचारलं होतं, ते तिने कोर्टात जसंच्या तसं सांगितलं. नवऱ्याच्या वकिलाने शांतपणे विचारलं, "हे ती आनंदानेही म्हणाली असेल, नाही का? घरी जायला मिळणार म्हणून? तुम्हाला तेव्हा काय वाटलं होतं, सिस्टर?"

मॉनिका खोटं बोलली नाही. "तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं," ती म्हणाली.

प्रेमाच्या पहिल्या जबानीत स्टोव्ह होता, आणि दुसरी ती देऊच शकली नव्हती. नवरा सुटला.

त्यानंतर ती फारशी कुणाशी बोलेनाशी झाली. घरी धाकटी बहीण नॅन्सी जेवायला वाढायची, आणि ताट तसंच राहायचं. "ताई, तू एकटीने काय काय करणार?" नॅन्सी म्हणायची. "बदली माग ना."

तिने बदली मागितली नाही. बरी होत आलेल्या प्रत्येक बाईजवळ ती स्टूल ओढून बसायची आणि हवालदार, नवरा, सासू कुणी जवळ नसताना विचारायची, "तुला घरी जायचंय का? खरं सांग." एखादी नाही म्हणाली की तिचा ताप उतरायचा नाही. निदान मॉनिका तसं लिहायची. त्या वाढीव दिवसांत ती कुणाचा भाऊ शोधून काढायची, कुणाला ननांच्या आश्रमात धाडायची. एकीला मरोळच्या औषधांच्या कारखान्यात बाटल्या धुवायचं काम लागलं. सगळ्यांचं जमत नसे. काही जणी शेवटच्या दिवशी मुलांच्या ओढीने घरीच जात, आणि मॉनिका फाटकापर्यंत सोडायला जाई.

बेड अडून राहतात, अशी तक्रार वर गेली. अधीक्षकांनी बोलावलं. "सिस्टर, हे इस्पितळ आहे, धर्मशाळा नाही. खोटा ताप लिहिता?"

"हो, लिहिते," मॉनिका म्हणाली.

शुभाताई तिच्या बाजूने भांडल्या. नोकरी वाचली, पण तिला बाळंतिणींच्या वॉर्डात हलवलं. ज्या वॉर्डासाठी ती पंधरा वर्षांपूर्वी मेट्रनकडे रडली होती, तिथे. ती तान्ही बाळं पुसायची, दुपट्यात गुंडाळून आईच्या कुशीत द्यायची. हसताना तिला कुणी पाहिलं नाही. पडदा मात्र ती विचारून ठेवायची, आणि मिळाला की शेवंतीच्या हाती पलीकडे पाठवायची. जळीत वॉर्डाच्या नव्या सिस्टर भल्या होत्या. पडदा नीट लावत, जखमा स्वच्छ ठेवत. बरी झालेली बाई वेळेवर घरी जात असे.